विक्री-ऑर्डरीच्या कागदपत्रांचा शोध : फोल्डर आणि संबंध

उरण तालुक्यातील न्हावाशेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि रायगडच्या किनारपट्टीतील लहान उत्पादकालाही परदेशची बाजारपेठ जवळची झाली. पेणच्या गणेशमूर्ती आज गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी समुद्रमार्गे परदेशी रवाना होतात. अशा प्रत्येक विक्रीमागे ग्राहकाची ऑर्डर, माल रवाना केल्याची चिठ्ठी, बीजक, बिल ऑफ लेडिंग असा कागदपत्रांचा संच असतो. हा संच वेळेवर हाती येणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. पतपत्रावरील व्यवहारांस लागू होणाऱ्या, २००७ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार वाहतुकीचे मूळ दस्तऐवज माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी, बँकेस सादर करावे लागतात. मुदत टळली तर माल परदेशी पोहोचूनही पैसे अडकून पडण्याचा संभव असतो. शिवाय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन करणे बंधनकारक आहे. तात्पर्य, एखाद्या ऑर्डरीचे दप्तर आज तर सापडलेच पाहिजे, पण सहा वर्षांनंतरही सापडले पाहिजे.

हा शोध माणसाऐवजी स्क्रिप्टकडून, म्हणजे संगणकास दिलेल्या छोट्या आज्ञावलीकडून, कसा करवून घेता येतो याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी मुंबईत निर्माण झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसाय-प्रणाली घेतली आहे. तिची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळे तिची अंतर्रचना अभ्यासकास पडताळून पाहता येते.

प्रथमदर्शनी सुचणारा मार्ग नावाचा होय. ग्राहकाचे किंवा गावाचे नाव असलेला फोल्डर शोधावा, म्हणजे काम झाले, असे वाटते. परंतु नावे बदलतात. १९८१ साली कुलाबा जिल्हा रायगड झाला; ज्या बासनावर ‘कुलाबा’ लिहिले होते ते ‘रायगड’ या नावाने शोधणाऱ्यास कसे सापडावे? ग्राहकांच्या नावांचे असेच होते. एकच नाव तीन प्रकारे लिहिले जाते आणि संस्थेचे नाव विक्रीनंतर बदलते. म्हणून शोधाचा आधार न बदलणारा असला पाहिजे. असा आधार म्हणजे ऑर्डरीचा क्रमांक. या प्रणालीत तो सामान्यतः मालिका, वर्ष आणि पाच अंक यांनी बनतो, उदाहरणार्थ, ‘सॅल-ऑर्ड-२०२४-०००१२’.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या प्रणालीत प्रत्येक ऑर्डरीचा वेगळा फोल्डर आपोआप निर्माण होत नाही. जोडलेल्या फाइली सामान्यतः ‘अटॅचमेंट्स’ या एकाच फोल्डरात जमा होतात. फाइल कोणाची हे तिच्या जागेवरून नव्हे, तर तिच्या नोंदीतील दोन रकान्यांवरून कळते : ती कोणत्या प्रकारच्या दस्तऐवजास जोडली आहे, आणि त्या दस्तऐवजाचा क्रमांक काय. म्हणजे ऑर्डरीचा ‘फोल्डर’ ही जागा नसून तो एक संबंध आहे. जो हा भेद जाणतो त्याचीच स्क्रिप्ट नीट चालते.

शोधाचे टप्पे पुढीलप्रमाणे होत. कायम केलेली ऑर्डर रद्द करून तिची सुधारित प्रत केली असता क्रमांकापुढे ‘-१’ लागतो आणि नव्या प्रतीत जुनीचा निर्देश राहतो. म्हणून स्क्रिप्टने प्रथम हा धागा धरून मूळ ऑर्डर व तिच्या सर्व सुधारित प्रती गोळा कराव्यात. दुसऱ्या टप्प्यात माल-रवानगी चिठ्ठी व बीजक यांचा माग घ्यावा. या दोहोंतील मालाच्या ओळींत ऑर्डरीचा क्रमांक नोंदलेला असतो, आणि बिल ऑफ लेडिंग बहुधा याच दस्तऐवजांस जोडलेले असते. ऑर्डरीपाशी थांबणारी स्क्रिप्ट नेमका हाच कागद चुकवते. तिसऱ्या टप्प्यात या सर्व दस्तऐवजांस जोडलेल्या फाइलींच्या नोंदी काढाव्यात. सुधारित प्रतीकडे जुन्या जोडपत्रांच्या नोंदीही उतरतात. तेव्हा फाइल एक आणि नोंदी दोन, असे घडते. आशयावरून काढलेल्या संकेतांकाच्या साहाय्याने अशी पुनरुक्ती वगळता येते. अखेरीस, नोंदीत लिहिलेल्या पत्त्यावर फाइल खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे पाहावे. नोंद असणे आणि कागद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, स्क्रिप्टने केवळ वाचावे, फाइली हलवू नयेत. साठवणीची जागा परस्पर बदलली की नोंदीतील पत्ता निरर्थक होतो. दुसरे पथ्य अधिकाराचे. या प्रणालीत नोंदी मागविण्याच्या दोन प्रचलित आज्ञा आहेत. त्यांपैकी ‘गेट-लिस्ट’ वापरणाऱ्याचे अधिकार तपासते, ‘गेट-ऑल’ तपासत नाही. घाईने दुसरी वापरली तर एका कारकुनाच्या हाती दुसऱ्या ग्राहकाचे भाव व करार सहज पडतील.

शोधाचे फलितही प्रामाणिक असावे. बिल ऑफ लेडिंग न सापडल्यास स्क्रिप्टने ते स्पष्ट नमूद करावे आणि दोन सापडल्यास दोन्ही दाखवावीत. जवळचे वाटणारे एक निवडून देऊ नये. बँकेस चुकीचा कागद सादर होण्यापेक्षा कागद नाही हे मुदतीपूर्वी कळणे केव्हाही हितावह. कारण बंदरावरील कचेरीत मिळालेला कागद जर कोणी योग्य बीजकास जोडलाच नसेल, तर कोणतीही आज्ञावली तो शोधून काढू शकत नाही. ती फार तर त्याची उणीव वेळेत दाखवील, आणि २१ दिवसांच्या मुदतीत तेवढेही पुष्कळ असते.