एका हाताचे दोन आसूड

दोन्ही हातांत एकेक आसूड धरून ते आळीपाळीने कडाडवणं हा ऑस्ट्रेलियातल्या आसूडाच्या स्पर्धांमधला कस पाहणारा प्रकार. उजवा कडाडला की डावा, डावा विरतो न विरतो तोच पुन्हा उजवा. मधलं अंतर सारखं पडलं तर ताल उभा राहतो, नाहीतर नुसता गोंगाट. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत मनगटाची आहे. मनगट लागतंच. पण एक आसूड दुसऱ्याहून जरासा लांब किंवा जड निघाला, तर त्याचा कडाका उशिरा येतो आणि कितीही रियाज केला तरी ताल लंगडतो. म्हणूनच या खेळातले जाणकार दोन सुटे आसूड घेत नाहीत, जोडी विणून घेतात.

गुरं हाकायला निघालेलं हे हत्यार आता बरंचसं खेळात आणि सिनेमात उरलं आहे. 2000 साली सिडनी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सुरू झाला तो मैदानात एकट्या आलेल्या घोडेस्वाराच्या आसूडाच्या आवाजानेच. जगभरच्या प्रेक्षकांना मात्र आसूड ठाऊक झाला तो इंडियाना जोन्सच्या हातातला. 1981च्या पहिल्या चित्रपटातले आसूड अमेरिकेतल्या डेव्हिड मॉर्गन यांनी कांगारूच्या कातड्यातून विणले होते. पातळ असूनही चिवट अशा या कातड्याची सर दुसऱ्या कशाला नाही, असं मानणारे कारागीर आजही पुष्कळ आहेत.

पण कातडं महाग, आणि पाण्याशी त्याचं वैर. फ्लोरिडाच्या दलदलीत गुरं राखणाऱ्यांना ते लवकर कळलं. लाकडी मुठीचे त्यांचे आसूड ओलीत कुजायचे, म्हणून तिथे नायलॉन रुजलं. नवशिक्यांसाठी आणि सर्वांत जास्त जोडीच्या आसूडांसाठी जिने खरी सोय केली, ती दोरी म्हणजे पॅराकॉर्ड. दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा नायलॉनने घेतली आणि हवाई छत्र्यांच्या दोऱ्याही नायलॉनच्या झाल्या. त्यांचाच हा वंश. बाजारात तिला ‘550’ म्हणतात, कारण ती 550 पौंडांपर्यंतचा, म्हणजे सुमारे 250 किलोंचा ताण सोसते. जाडी जेमतेम चार मिलिमीटर. वरून विणलेलं कवच, आत सात ते नऊ सुतं. आसूड विणणारा ही सुतं ओढून काढतो. मग कवच चपटं होतं आणि एकावर एक पेड नीट बसतात.

आसूडाची करामत त्याच्या निमुळतेपणात आहे. मुठीशी अंगठ्याएवढा जाड, टोकाशी दोऱ्याएवढा. कातड्याचे पेड मुळातच निमुळते कापता येतात. दोरी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. मग निमुळतेपणा आणायचा कुठून? तर पेड गाळून. मुठीशी सोळा पेडांनी सुरुवात करायची, काही अंतरावर दोन पेड आत, गाभ्यालगत सोडून द्यायचे आणि उरलेल्या चौदांनी त्यांना झाकत पुढे जायचं. मग बारा, दहा, आठ. टोकाला येताना सहा किंवा चार. पेड गाळण्याची जागा चुकली की तिथे गाठीसारखा उंचवटा येतो किंवा आसूड बिजागरीसारखा मोडतो. मुठीकडून टोकाकडे धावणारी लाट तिथेच अडखळते.

आणि हे झालं फक्त वरचं वेष्टन. आत काय काय दडलेलं असतं! सर्वांत आत गाभा. सुतं काढलेल्या दोरीच्या पोकळ नळीत छऱ्याच्या बंदुकीचे पोलादी छरे एकेक करून भरतात, त्याने वजन येतं. मुठीत पोलादी सळई किंवा मोठा खिळा. गाभ्यावर चार पेडांचं पहिलं वेष्टन, ते सर्वांत आखूड. त्यावर आठ पेडांचं दुसरं, जरा लांब. मग सर्वांवर बारा किंवा सोळा पेडांचं शेवटचं. प्रत्येक वेष्टनानंतर मेणदोऱ्याने करकचून बांधणी, पाटाखाली दाबून लोळवणं, मग पुढचं. शेवटी मुठीवर गाठ, टोकाला एक साधी लांब दोरी आणि तिच्या शेंड्याला पिळलेल्या धाग्याचा क्रॅकर. आवाज काढतो तो हाच. काही जण तयार आसूड वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून काढतात, त्याने पेड बसतात आणि थोडं वजनही वाढतं.

आता हे सगळं दोनदा, आणि हुबेहूब. इथेच नायलॉनचा एक कडक गुण दिसतो. कांगारूच्या एका कातड्यासारखं दुसरं नसतं. पाठीचं वेगळं, पोटाचं वेगळं. जोडी जुळली नाही तर कारागीर कातड्याला बोल लावू शकतो. पॅराकॉर्ड मात्र शेवटच्या हातापर्यंत सारखीच. छरे मोजून भरले, पेड एकाच गुंडीतून, एकाच लांबीचे कापले, तरी जोडीत फरक पडलाच, तर तो हाताचा. नायलॉन ताणलं की लांबतं. सकाळी ताज्या हाताने विणलेला आसूड घट्ट आणि लांब होतो, संध्याकाळी दमल्या हाताने विणलेला सैल आणि लठ्ठ.

यावर उपाय एकच, आणि तो चिकाटीचा आहे. एक आसूड पुरा करून दुसऱ्याला हात घालायचा नाही. दोघांचे गाभे आधी, मग दोघांचं पहिलं वेष्टन, मग दुसरं. प्रत्येक टप्प्यावर दोघांना तराजूत घालायचं आणि शेजारी टांगून लांबी पाहायची. पेड कुठे गाळले याच्या खुणा काठीवर करून ठेवायच्या आणि तीच काठी दुसऱ्याला लावायची. पहिल्या वेष्टनातला चार ग्रॅमांचा फरक तिथल्या तिथे निस्तरता येतो. शेवटच्या वेष्टनाखाली गाडला गेला की तो कायमचा. डावा हात कच्चा म्हणून डाव्यासाठी हलका आसूड मागणारे असतात. माझ्या मते हे बैलजोडीतल्या एकाला मुद्दाम उपाशी ठेवण्यासारखं आहे. हात तयार करावा, आसूड बिघडवू नये.

एवढ्याशा फरकाचा बाऊ का, हे भौतिकशास्त्रातून नीट कळतं. आसूड कडाडतो तो कशावर आपटून नव्हे, तर आवाजाच्या वेगाची मर्यादा ओलांडून; लढाऊ विमानाचा हवेतला धमाका त्याच जातीचा. ही शंका 1905 साली ऑटो लुमर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली होती. 2002 साली अॅरिझोना विद्यापीठातल्या अॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणिताने दाखवलं, की मुठीकडून टोकाकडे धावणारा वळसा जेव्हा आवाजाचा वेग गाठतो, तेव्हा कडाका उठतो. त्या क्षणी टोक त्याच्या दुप्पट वेगात असतं. वळसा जसजसा पुढे सरकतो तसतसं त्याच्या वाट्याचं वस्तुमान घटतं आणि वेग वाढत जातो. म्हणजे निमुळतेपणा थोडा बदलला की कडाक्याची वेळ बदलते. दोन आसूडांतला फरक डोळ्याला दिसत नाही तिथेही कान तो पकडतो, तो यामुळेच.

आपल्याकडे आसूड म्हटला की पोतराज आठवतो. त्याचा आसूड जाड, पिळाचा. तो स्वतःच्या अंगावर ओढायचा, देवीच्या नावाने. या खेळाचं आणि त्याचं घराणं वेगळं, दोन्हींची सरमिसळ करू नये. मात्र आवाजाचं शास्त्र दोघांना सारखंच लागू.

जोडी घेणार असाल तर रंगावर आणि मुठीच्या नक्षीवर जाऊ नका. दोन्ही आसूड आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग मुठी एकत्र धरून दोन्ही खाली सोडा आणि पेड कुठे कुठे गळलेत ते शेजारी शेजारी तपासा. क्रॅकर झिजला तर एक नव्हे, दोन्ही बदला. आणि पहिल्या दिवसापासून डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी आणि आसपास मोकळी जागा हवीच. शिकताना आसूडाचा पहिला फटका बहुधा स्वतःलाच बसतो.