स्टिअरिंग शिमी (जुन्या मोटारी)

मोटार विशिष्ट वेगात असताना तिची पुढील चाके किंगपिनभोवती डावी-उजवीकडे जलद थरथरू लागतात आणि ही थरथर स्टिअरिंगच्या चाकापर्यंत पोहोचते, या दोषाला शिमी असे म्हणतात. हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या, खांदे हलवून करावयाच्या एका नृत्यावरून पडले आहे. आधुनिक मोटारींत हा दोष क्वचित दिसतो; परंतु इ.स. १९७० पूर्वीच्या मोटारी जतन करणाऱ्यांना तो चांगलाच परिचित आहे. तो केवळ त्रासदायक नसून काही वेळा चाक निखळण्याची पूर्वसूचनाही असतो.

== इतिहास ==
१९२० च्या दशकात मोटारींना पुढील चाकांचे ब्रेक आणि कमी दाबाचे फुगीर टायर बसवले जाऊ लागले. त्यानंतर शिमीने गंभीर रूप धारण केले. त्या काळी दोन्ही पुढील चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असत. एक चाक उंचवट्यावर चढले की संपूर्ण आस कलत असे. फिरत्या चाकाचा अक्ष कलला, की घूर्णदर्शीय परिणामामुळे ते चाक आपोआप बाजूला वळू पाहते. वळल्यावर पुन्हा आस कलतो, आणि असे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रूल्ये यांनी १९२५ मध्ये या विषयावर महत्त्वाचे लेखन केले. पुढे मॉरिस ऑली यांच्या कामातून जनरल मोटर्सच्या १९३४ च्या कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबाइल गाड्यांत पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन मिळाले. त्यात चाक वर-खाली होताना फारसे कलत नाही, त्यामुळे शिमीचे मूळच कमकुवत झाले. अखंड आस असलेल्या जीपसारख्या वाहनांत मात्र हा दोष आजही आढळतो.

== असंतुलनाचे गणित ==
सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे चाकाचे असंतुलन. १४ इंची चाकाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापतो. म्हणजे ताशी ८० किमी वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १२ वेळा फिरते. रिमच्या कडेला अवघे ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगात सुमारे ३ किलोग्रॅम वजनाइतका जोर सेकंदाला १२ वेळा दिशा बदलत चाकाला हिसके देतो. वेग दुप्पट झाल्यास हा जोर चौपट होतो. असे असूनही थरथर एका ठरावीक वेगपट्ट्यातच जाणवते व त्याहून अधिक वेगात अनेकदा ओसरते. कारण स्टिअरिंग व निलंबन यांची स्वतःची कंपनगती असते आणि ती चाकाच्या गतीशी जुळली तरच थरथर वाढते. जुळणाऱ्या पट्ट्यापलीकडे गाडी पळवून दोष ‘नाहीसा’ करणे हा उपाय नव्हे; सांध्यांवरील हिसके तसेच चालू असतात.

== तारेची चाके: एमजीबीचे उदाहरण ==
१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश क्रीडामोटार तारेच्या आऱ्यांच्या चाकांसह मिळत असे. ही चाके नटबोल्टांनी नव्हे, तर तुंब्यावरील उभ्या खाचांत, म्हणजे स्प्लाइनमध्ये, सरकवून मधोमध एकाच मोठ्या नटाने आवळतात. रज-व्हिटवर्थ या इंग्लिश कंपनीच्या रचनेवरून आलेल्या या पद्धतीत गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाला उजवे आटे व उजव्या बाजूच्या नटाला डावे आटे असतात, जेणेकरून चाक फिरताना नट घट्टच होत जावा. दुरुस्तीत दोन्ही बाजूंचे तुंबे अदलाबदल झाले, तर नट सुटत जातो आणि चाक धावत्या गाडीतून बाहेर पडू शकते.

नट किंचित सैल राहिला किंवा खाचा कोरड्या राहिल्या, की चाक तुंब्यावर मागेपुढे घासते. झिजलेल्या खाचांचे माथे सपाट न राहता करवतीच्या दात्यांसारखे टोकदार होतात. गाडी पुढे नेऊन लगेच मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येणे ही याची ठळक खूण होय. खात्रीसाठी चाक जॅकवर उचलून एकाने ब्रेक दाबून धरावा व दुसऱ्याने चाक फिरवण्याचा प्रयत्न करावा. तुंबा स्थिर असताना चाक हलले, तर खाचा झिजल्या आहेत. अशा वेळी केवळ चाक बदलणे ही खोटी काटकसर ठरते, कारण झिजलेला तुंबा नवे चाकही लवकरच खातो.

बॅलन्सिंगमध्येही एक चूक वारंवार होते. तारेचे चाक त्याच्या शंक्वाकार बैठकांवर केंद्रित होते, मधल्या भोकावर नव्हे. भोकात साधा शंकू घालून यंत्रावर चढवलेले चाक तेथे संतुलित दिसते आणि गाडीवर पुन्हा थरथरते.

== निदानाचा क्रम ==
प्रथम टायर पाहावेत. बराच काळ उभ्या गाडीच्या टायरवर आलेला सपाटपणा काही किलोमीटर चालवल्यावर जातो. आतील थर सुटल्याने आलेला फुगवटा जात नाही. २००० नंतरच्या टायरवर आठवडा व वर्ष दाखवणारे चार अंक असतात, उदा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरच्या पट्ट्यावर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्झॉर्बर किंवा संतुलन यांवर संशय घ्यावा. कडा पिसासारख्या एका दिशेने उठल्या असतील, तर चाकांची दिशा चुकलेली असते.

त्यानंतर पुढील व मागील चाके आपसांत बदलून गाडी चालवावी. थरथर स्टिअरिंगमधून आसनाकडे सरकली, तर दोष चाकात आहे. ती फक्त ब्रेक दाबताना येत असल्यास ब्रेकची तबकडी तपासावी.

चाक उचलून रिमजवळ एक खडू स्थिर धरून फिरवले असता बाक लगेच दिसतो. मग चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास ब्रेक दाबून पुन्हा हलवावे: तो नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन झिजला आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकांतील झीज कळते. एमजीबीच्या बेअरिंगमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी एवढीच मोकळीक अपेक्षित असते व ती पातळ चकत्यांनी साधतात. चकत्या काढून टाकून केवळ नट आवळल्यास बेअरिंग तापून जळण्याची शक्यता असते.

अनेक वर्कशॉपांत सुरुवातच अलाइनमेंटने होते. वास्तविक सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते, म्हणून ते सर्वांत शेवटी करावे. झिजलेली शिमी असलेल्या गाडीला स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर दाबण्याचा प्रकारही आढळतो. अशाने लक्षण झाकले जाते आणि किंगपिन व टाय रॉड यांची झीज पुढे चालूच राहते.