पिंजऱ्यातील पोपट आणि पोटातील जंत

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या भिवपुरीच्या परिसरात भात पिकू लागले की पोपटांचे थवे शेतांवर उतरतात. रानातल्या पोपटालाही जंत होतात. परंतु त्याची विष्ठा एका झाडाखाली पडते आणि तो खातो दुसऱ्या झाडावर. पिंजऱ्यातील पक्ष्याला खाण्याची, झोपण्याची आणि विष्ठेची जागा एकच. त्याच्या व्याधीचे मूळ येथेच आहे.

ओल आणि अंडी

पोपटाच्या आतड्यात प्रामुख्याने गोल जंत आढळतात. काही सेंटिमीटर लांबीचे हे पांढरे जंत पक्ष्याच्या अन्नातला अंश खातात. त्यांची सूक्ष्म अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात व दाण्यापाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतीही घाम गाळतात. ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्याचा तळ तेव्हा या अंड्यांचे भांडारच बनतो. साध्या जंतुनाशकांनी ती सहज नष्ट होत नाहीत.

केसासारखे बारीक जंतही असतात. चपट्या जंतांना मधला आश्रय म्हणून मुंगी किंवा किडा लागतो. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी दूषित पाण्यातून शिरतो. त्याच्या त्रासाने कॉकॅटील कधी स्वतःचीच पिसे उपटतो.

तराजूची साक्ष

पोपट आजार लपवतो. रानात दुर्बल दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून ही त्याची उपजत सवय. खाऊनही रोडावणे, छातीचे हाड धारदार लागणे, पिसे फुलवून बसणे, पातळ विष्ठा ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ वेळ गेलेला असतो. जंतांची गाठ होऊन आतडे बंद पडले, तर पक्षी अकस्मात दगावतो.

व्यापारी कुटुंबाला तराजूचे मोल सांगावे लागत नाही. कंठवाल्या पोपटाचे वजन साधारण १२० ग्रॅम. त्यातले १२ ग्रॅम घटले, तर सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो घटल्यासारखेच. दर आठवड्याला घेतलेले वजन डोळ्यांआधी सावध करते. निदान मात्र ताज्या विष्ठेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होते. माणसाचे किंवा कोंबडीचे जंतनाशक अंदाजाने देणे प्राणघातक ठरू शकते. मात्रा पक्षिवैद्यानेच वजनावरून ठरवावी. परळ येथील, १८८३ मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय मुंबईकरांना परिचित आहे.

जंतनाशक देणे म्हणजे जीवहत्या नव्हे काय, हा प्रश्न अनेक घरांत उठतो. त्याचे उत्तर जयणेत आहे: जंत होऊच न देणे. तळाशी जाळी असावी, म्हणजे पाय विष्ठेला लागत नाहीत. खालचा कागद रोज बदलावा. वाट्या दांडीखाली ठेवू नयेत. रिकामा पिंजरा कढत पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा. नवा पक्षी तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवावा.

सोडणे म्हणजेच दया?

पर्युषण पावसाळ्यातच येते. त्या काळात बाजारातून पोपट विकत घेऊन उडवून देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. हेतू निर्मळ असतो, परिणाम तसा नसतो. दिलेला पैसा पारध्याला दुसरे जाळे लावायला सांगतो. पंख छाटलेला, पोटात जंत असलेला पक्षी फार काळ तगत नाही. आणि तगला, तर रानातल्या थव्याला संसर्ग देऊ शकतो. बजेरिगर, कॉकॅटील यांसारखे विदेशी पक्षी तर बाहेर जगूच शकत नाहीत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये कंठवाला, करण यांसारखे देशी पोपट पाळणे हा गुन्हाच आहे. असा पक्षी घरात असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे हा योग्य मार्ग. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील, १९२९ मध्ये सुरू झालेल्या जैन पक्षी रुग्णालयाची रीत येथे आठवावी: तेथे आधी उपचार होतात, मग मोकळे आकाश, बरा झालेला पक्षी पुन्हा पिंजऱ्यासाठी परत दिला जात नाही.

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ पहिला सांगितला आहे. पिंजऱ्याची स्वच्छता हे कर्तव्य खरेच. परंतु नवा पिंजरा विकत न घेणे हे त्याहून मोठे.