एका टिचकीत ४१० स्पंद

स्मार्टफोनच्या कीबोर्डवर अक्षर दाबलं की बोटाला टिचकीएवढा धक्का जाणवतो. तो २० मिलिसेकंदांचा धरू. हा धक्का देणाऱ्या छोट्या मोटरी चालवणाऱ्या चिपांपैकी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही२६०५एल घ्या. तिच्या आउटपुटमधून सेकंदाला सुमारे २०,५०० स्पंद निघतात, म्हणजे त्या टिचकीत ४१०. मोटरीतलं स्प्रिंगवरचं वजन तेवढ्या वेळात जेमतेम साडेतीन हेलकावे घेतं, कारण ते १७५ हर्ट्झच्या आसपासच मोकळेपणानं डोलतं. एका हेलकाव्यामागे ११७ स्पंद!

हे पाहायला ऑसिलोस्कोप लावावा, तर आज साधा स्कोपही सेकंदाला १०० कोटी नमुने घेतो. एका स्पंदाचे जवळपास ४९ हजार, सबंध टिचकीचे २ कोटी. आणि पडद्यावर दिसतं काय? उभ्या रेघांची दाट भिंत. सगळे स्पंद सारख्याच उंचीचे. मोटरीला द्यायचा जोर त्यांच्या रुंदीत भरलेला असतो. इथे नेमकं मोजायचं असेल, तर हाती आलेला बहुतेक तपशील जाणूनबुजून टाकावा लागतो. या मोजणीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

त्यासाठी दोन स्वस्त सुटे भाग पुरतात: १०० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर. पिको म्हणजे एकाचा एक लाख कोटीवा भाग. तरीही एवढ्याशा कपॅसिटरवर एक व्होल्ट आला, की सुमारे २९३ कोटी इलेक्ट्रॉनांची जागा बदललेली असते. ही जोडी ३,४०० हर्ट्झच्या आसपास गाळायला लागते. १७५ हर्ट्झची लाट हजारात जेमतेम सव्वा भाग गमावून पलीकडे जाते. २०,५०० हर्ट्झच्या स्पंदांचा सहावा हिस्साच उरतो. मात्र प्रोब १० एक्सवर हवा. १ एक्सवर स्कोपचा स्वतःचा १ मेगा-ओहम रोध आड येतो आणि ९ टक्के व्होल्टेज कमी दिसतं.

शिवाय मोटरीच्या दोन टोकांपैकी एकही ग्राउंड नसतं. तिथे प्रोबची ग्राउंड क्लिप अडकवली तर आउटपुट शॉर्ट होऊ शकतं. म्हणून दोन्ही टोकांना वेगळा फिल्टर, वेगळा प्रोब, आणि स्कोपवर एकातून दुसरं वजा.

मग लाट उमटते. सुरुवातीला वजनाला गती द्यायला नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज, आणि शेवटी लाट उलटी फिरवून ब्रेक. हा ब्रेक कशासाठी, ते त्वचेकडे पाहिलं की कळतं. बोटातली पॅसिनी कणिका २०० हर्ट्झच्या आसपास अवघ्या १० नॅनोमीटरची हालचाल टिपू शकते. ब्रेक कमी पडून त्वचेवर एक मायक्रोन थरथर उरली, तरी ती या मर्यादेच्या शंभरपट असते.