उत्तर चुकले, की भाषा अडली?

‘एका शेतकऱ्याने ३६ किलो कापूस चार पोत्यांत सारखा भरला, तर प्रत्येक पोत्यात किती किलो?’ शाळेतल्या टॅबवर हा प्रश्न आला आणि पाचवीतल्या मुलीचे उत्तर चुकले, तर यंत्र एवढेच समजेल, की हिला भागाकार येत नाही. पण ती यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची असेल, तर आणखी एक शक्यता उरते. तिला छत्तीस भागिले चार येते. ‘सारखा भरला’ म्हणजे काय, ते कळलेले नाही. शाळांमधल्या ऑनलाइन शिक्षणाचा पुढचा कस या दोन शक्यता वेगळ्या ओळखण्यातच लागणार आहे.

आजवरची धडपड धडा पोचवण्याची होती. केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, करोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम आला. पण साधन पोचले म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. पेरू देशात सरकारने गावोगावच्या शाळांत लॅपटॉप वाटले. संशोधकांनी तपासले, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत त्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही.

म्हणून आता भर आहे तो मुलाची पातळी ओळखून त्यानुसार प्रश्न देणाऱ्या प्रणालींवर. त्यामागचे गणित जॉर्ज राश या डॅनिश गणितज्ञाने १९६० मध्ये मांडले. प्रत्येक प्रश्नाला एक काठिण्य असते, प्रत्येक मुलाची एक क्षमता. दोन्ही सारखी असतील, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. क्षमता जास्त असेल तितकी ती वाढते. प्रत्येक उत्तरानंतर यंत्र क्षमतेचा अंदाज सुधारते आणि पुढचा प्रश्न त्याला जुळेल असा निवडते. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या अशाच प्रणालीची चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साडेचार महिन्यांत मुले गणितात आणि हिंदीत स्पष्टपणे पुढे गेली. मात्र तिथे निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणसाकडून शिकण्यात जात होता, हे विसरता कामा नये.

या गणितात एक अट दडलेली आहे : प्रश्नाने एकच गोष्ट मोजली पाहिजे. यवतमाळमध्ये ती अट पदोपदी मोडते. इथे मराठीबरोबर तांड्यांवर गोरमाटी, गावांत गोंडी आणि पोडांवर कोलामी बोलली जाते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नाही. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आसपास होते. कोलाम मुलीसमोर मराठीतले शाब्दिक उदाहरण आले, की एकाच प्रश्नात गणित आणि मराठी दोन्ही मोजले जातात, आणि खापर मात्र गणितावर फुटते. यंत्र तिला दुसरीच्या बेरजांकडे परत पाठवते.

अशी चूक पकडण्याची रीत संख्याशास्त्राकडे आहे. बाकीच्या प्रश्नांत ज्यांची पातळी सारखी दिसते, अशी दोन गटांतली मुले घ्यायची. एखाद्या प्रश्नावर त्यांपैकी एकच गट वारंवार अडखळत असेल, तर दोष मुलांत नसून प्रश्नात असण्याचा संशय घ्यायचा. पण त्यासाठी मुलाची घरची भाषा नोंदवलेली हवी. ती नसेल, तर राज्यभरातल्या लाखो उत्तरांत कोलाम मुलांची उत्तरे बुडून जातात आणि सरासरी निर्दोष दिसते.

भाषांतर करणारी यंत्रे इथे लगेच धावून येतील, असे नाही. त्यांना शिकण्यासाठी लिखित मजकूर आणि ध्वनिमुद्रणे भरपूर लागतात. केंद्राच्या ‘आदिवाणी’ या भाषांतर-प्रणालीने २०२५ मध्ये सुरुवात केली ती संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीपासून, त्या पहिल्या यादीत कोलामी नव्हती. शाळेपुरते काम मात्र त्याहून सोपे आहे. पाचवीच्या गणिताचे निवडक प्रश्न कोलामी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचे आणि शाळेतल्याच एका छोट्या संगणकात साठवायचे. मग मोबाइलला रेंज नसली, तरी टॅब तिथून ते वाजवू शकतो.

तेव्हा पुढची टॅबखरेदी करताना ‘व्हिडिओ किती आहेत?’ हे विचारू नये. मुलाची घरची भाषा नोंदवता येते का, प्रश्न त्या भाषेत ऐकवता येतो का आणि इंटरनेटशिवाय चालते का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर ‘हो’ नसेल, तर तोच पैसा कोलामी जाणणाऱ्या शिक्षकावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.