प्रवाशाच्या दृष्टीतील सुवर्णयुग

इ. स. १४९८ मध्ये, आपल्या तिसऱ्या सफरीत, कोलंबस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी आला, तेव्हा समुद्रात गोडे पाणी पाहून तो चकित झाला. ते पाणी होते ओरिनोको नदीचे. परंतु एवढा प्रचंड ओघ बायबलातील नंदनवनातूनच येत असावा, असा तर्क त्याने बांधला. त्यापूर्वी ज्या बेटवासीयांच्या भोळेपणाचे त्याने गोडवे गायिले होते, त्यांच्यापैकीच शेकडो स्त्रीपुरुष १४९५ मध्ये गुलाम म्हणून स्पेनला रवाना झाले होते!

असेच एक सुवर्णयुग महाराष्ट्राच्याही वाट्यास आले. आंकतिल द्यूपेराँ हा फ्रेंच तरुण पारशांच्या धर्मग्रंथांच्या शोधार्थ १७५५ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७५८ मध्ये गोव्याहून पुणे व औरंगाबाद या मार्गाने सुरतेस गेला. मराठी मुलुखातील निरोगी, आनंदी माणसे आणि परक्यासही उघडी असलेली दारे पाहून आपण सत्ययुगातच आलो, येथे युद्ध व दैन्य ठाऊकच नाही, असे त्याने लिहिले. त्याचा हा वृत्तांत १७६२ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये प्रसिद्ध झाला.

वस्तुस्थिती काय होती? त्याच्या प्रवासापूर्वी काही महिनेच, डिसेंबर १७५७ मध्ये, वाशिमच्या पश्चिमेस सिंदखेड येथे मराठे व निजाम यांचे रण माजले होते आणि साखरखेर्डा येथे तह झाला होता. ज्या गावांवरून फौजा गेल्या, तेथील कुणब्यास युद्ध ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हणही खोटी नव्हे. तथापि त्याच भूमीने १८९९-१९०० चा भीषण दुष्काळही सोसला.

मग आंकतिल खोटे बोलला काय? तसे नव्हे. त्याला लाभलेले आतिथ्य खरे होते. त्यावरून काढलेला सिद्धांत मात्र त्याच्या मनातला होता. रूसोसारखे विचारवंत त्याच सुमारास युरोपच्या कृत्रिम जीवनावर टीका करीत होते. स्वदेशात जे हरवले असे वाटे, ते प्रवासी परदेशात शोधीत.

तरीही कोलंबस व आंकतिल यांत एक मोठे अंतर आहे. आंकतिल येथील भाषा व ग्रंथ यांच्या अध्ययनात रमला आणि पौर्वात्य देशांत कायदा व खाजगी मालमत्ता यांस स्थान आहे, असे त्याने १७७८ च्या आपल्या ग्रंथात साधार प्रतिपादिले. परभूमीला स्वर्ग म्हणणे सोपे असते. तेथील माणसांचे हक्क मान्य करणे, हीच त्या स्तुतीची खरी कसोटी होय.