एकाच रकान्यातलं लाकूड

दोन देशांच्या आयातीचे आकडे शेजारी शेजारी मांडले की निकाल लगेच लागतो: ज्याची आयात वाढली तो झाडांच्या मुळावर उठला, ज्याची घटली तो शहाणा झाला. जकातीच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या ४४०१ या क्रमांकापुरता तरी हा निकाल धाडसाचा आहे. सरपण, कागदासाठी यंत्रावर केलेले लाकडाचे तुकडे म्हणजे चिप्स, भुसा, ढलप्या आणि भुसा दाबून केलेल्या पेलेट्स, सगळं त्या एका खात्यात जमा होतं. कागदाच्या कारखान्याचा कच्चा माल आणि वीजकेंद्राचं जळण यांची बेरीज करून त्यातून स्वभाव ओळखायचा, तर चुकणारच.

जपान आणि चीनचं उदाहरण घ्या. जपानने १९६०च्या दशकाच्या मध्यापासून चिप्ससाठी खास जहाजं बांधली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॉ मिलमधला उरलासुरला माल आणायला सुरुवात केली. पुढे ऑस्ट्रेलिया, चिली, दक्षिण आफ्रिका, व्हिएतनाम इथली लावलेली निलगिरी आणि अकेशिया आली. कित्येक दशकं जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक तोच होता. चीन मात्र या शतकाच्या सुरुवातीपर्यंत स्वतःच जपानला चिप्स विकत होता. नंतर त्याच्या किनाऱ्यावर लगद्याचे अजस्र कारखाने उभे राहिले, विक्रेता खरेदीदार झाला आणि आता तो जपानच्याही पुढे गेला आहे. आलेखावर एक रेघ खाली उतरते, दुसरी वर चढते. पण जपानमध्ये छापील कागदाची मागणी घसरत असतानाच, फुकुशिमा अपघातानंतर २०१२मध्ये अपारंपरिक विजेला हमीभाव मिळाला आणि पेलेट्सची आयात झपाट्याने वाढू लागली. २०१२मध्ये ती लाख टनांच्याही आत होती, २०२२मध्ये ४४ लाख टनांच्या आसपास गेली. म्हणजे लाकडाची भूक कमी झाली नाही, फक्त कागदाऐवजी भट्टीकडे वळली. त्यातही चिप्सचा सौदा कोरड्या वजनावर होतो, कारण ताज्या लाकडात निम्मं पाणीच असतं. नुसत्या टनांची तुलना करणाऱ्याने टन ओले की कोरडे, निदान एवढं तरी विचारावं.

चीनच्या रकान्यातही जे दिसत नाही तेच मोठं आहे. तो दरवर्षी २ कोटी टनांहून अधिक तयार लगदा विकत घेतो आणि लगद्याचा क्रमांक ४४०१ नाही. रासायनिक पद्धतीच्या एक टन लगद्यामागे साधारण दोन टन कोरडं लाकूड लागतं. शिवाय २०२१पासून चीनने रद्दी कागदाची आयात थांबवली, त्यामुळे नव्या तंतूंची गरज आणखी वाढली. आपल्याकडेही हीच गंमत आहे. भारत चिप्स फारसे आणत नाही, पण इंदापूर तालुक्यात भिगवणला कोटेड कागदाचा जो कारखाना उभा राहिला, तो मुख्यतः परदेशी लगद्यावर. लाकूड आलंच, फक्त तुकड्यांच्या रूपात नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आकडे बघूच नयेत का? बघावेत, रेघ कुठे वळली ते त्यातूनच कळतं. फक्त का वळली ते रकान्याबाहेर शोधावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उरलासुरला माल जाळला तर बिघडलं कुठे? इंदापूरच्या आसपास याचं उत्तर रोज डोळ्यांसमोर असतं. ऊस साखरेसाठी गाळला जातो. शंभर टनांमागे जवळपास तीस टन बगॅस निघतो, त्यातही निम्मं पाणी. तो कारखान्याच्याच बॉयलरला जातो आणि उरलेली वीज विकता येते. हा खरा अवशेष, कारण बगॅससाठी कोणी ऊस लावत नाही. व्हिएतनामचा शेतकरी मात्र पाच-सहा वर्षांची अकेशिया चिप्ससाठीच तोडतो. तिला अवशेष म्हणणं म्हणजे शब्दांची चलाखी. बरं, खऱ्या अवशेषालाही दुसरा धनी असतोच. तमिळनाडूत करूरजवळचा सरकारी कागद कारखाना साखर कारखान्यांकडून बगॅस घेतो आणि बॉयलरसाठी त्यांना कोळसा देतो. तिथे झाड वाचतं आणि कोळसा जळतो; हा हिशेब ४४०१मध्ये कुठेच लिहिलेला नसतो.